जुना लॅपटॉप टाकण्याआधी तीन आकडे बघा

तो तुमच्याही घरात असेल. कपाटावर, जुन्या बॅगेत, चार्जरची वायर गुंडाळून ठेवलेला. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला लॅपटॉप. आज सुरू केला तर चहा उकळून गाळून होतो, तरी पडद्यावर ठिपके गोल फिरतच असतात. बदलीच्या नोकरीवाल्या घरांत तर तो प्रत्येक वेळी सामानाबरोबर बांधला जातो. पुण्याहून नाशिकला, नाशिकहून चंदीगडला येतो आणि नव्या घरात पुन्हा माळ्यावर चढतो. टाकवतही नाही आणि वापरवतही नाही.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. यंत्र त्या दिवशी बंद पडलं नाही, पण नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या येणं थांबलं. पुढच्या विंडोज ११ ची अट कडक आहे. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५ मध्ये घेतलेला चांगला, धडधाकट लॅपटॉपसुद्धा या दारातून आत जात नाही.

आणि त्याच घरात सातवीतली मुलगी आईच्या मोबाइलवर प्रोजेक्ट लिहीत असते. आजोबा पेन्शनचं विवरण वाचायला पडदा दोन बोटांनी ताणत असतात. यंत्र माळ्यावर आणि गरज खाली. या दोघांची गाठ घालून देता येते का, हेच आपण आज बघू.

मोहालीची चिप काय शिकवते

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी ही सरकारी संस्था आहे. २ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीतल्या सेमिकॉन इंडिया कार्यक्रमात पंतप्रधानांना एक चिप भेट देण्यात आली, ती याच संस्थेत बनलेली. तिचं नाव विक्रम ३२०१. आराखडा तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राबरोबरचा, काम इस्रोच्या प्रक्षेपकांमधलं.

ही चिप ३२ बिटची आहे आणि १८० नॅनोमीटर तंत्रानं बनते. तुमच्या हातातला नवा फोन कदाचित तीन-चार नॅनोमीटरच्या चिपवर चालत असेल. त्या हिशेबानं विक्रम म्हणजे पणजोबांच्या काळातलं तंत्र. तिच्या आधीची विक्रम १६०१ तर फक्त १६ बिटची होती, आणि ती २००९ पासून इस्रोच्या प्रक्षेपकांत काम करत आली.

ही काही घरच्या संगणकात बसवायची चिप नाही. पण ती एक गोष्ट स्पष्ट करते. रॉकेटला यूट्यूब बघायचं नसतं. त्याला ठरलेलं काम, ठरलेल्या वेळी, न चुकता करायचं असतं. ते काम नेमकं ठाऊक असलं की जुन्या पद्धतीची चिपही पुरते. यंत्र जुनं की नवं, हा प्रश्न अर्धाच आहे. ते कशासाठी हवंय, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

ज्याचा जन्मच जुन्या यंत्रावर झाला

जुन्या लॅपटॉपसाठी जाणकार लिनक्स सुचवतात. विंडोज जशी एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा कारभार बघणारी मूळ व्यवस्था, तशीच लिनक्सही. फरक इतकाच की ती मोफत मिळते आणि युनिक्स नावाच्या घराण्याच्या वळणावर बनलेली आहे.

हे घराणं मुळात काटकसरीचं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्सची सुरुवात केली, ती नव्याकोऱ्या यंत्रावर नव्हे. फारसा कुणी वापरत नसलेला पीडीपी-७ नावाचा संगणक तिथे होता, त्यावर केली. त्याची स्मृती आजच्या भाषेत जेमतेम १८ केबी. तुम्हाला रोज सकाळी येणारा फुलांचा एक ‘सुप्रभात’ फोटोही त्यात मावणार नाही.

पुढे १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं घरच्या ३८६ संगणकावर लिनक्स लिहायला घेतलं. त्या ३८६ चिपला लिनक्सनं अगदी २०१३ च्या सुरुवातीपर्यंत सांभाळून घेतलं आणि मगच निरोप दिला.

कर्जतजवळच्या शाळेतला धडा

कमी ताकदीच्या यंत्रावर हे सगळं कसं चालतं, याचं एक उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. कर्जत तालुक्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ च्या अखेरीस ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पातले लॅपटॉप आले. पांढऱ्या-हिरव्या रंगाचे आणि दोन कानांसारख्या अँटेना असलेले. भारतातल्या या प्रकल्पाच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक.

त्या यंत्रातला प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी आणि साठवायला फक्त १ जीबी. विंडोज व्हिस्टा त्याच वर्षी बाजारात आली होती आणि तिला हे आकडे मुळीच पुरले नसते. या लॅपटॉपवर होती फेडोरा लिनक्सची छाटलेली आवृत्ती आणि वर मुलांसाठी बनवलेला ‘शुगर’ नावाचा सोपा पडदा. लिहिणं, चित्रं काढणं, फोटो घेणं, गाणी रचणं, शेजारच्या मित्राच्या यंत्राशी जोडून खेळणं, एवढं त्यावर होत होतं.

हा प्रकल्प आपल्याकडे देशभर पसरला नाही. लॅपटॉप आणला की शिक्षण आपोआप होतं, असंही नसतं. पण यंत्राच्या बाजूनं एक गोष्ट दिसली. यंत्राच्या मापाची व्यवस्था शिवली तर २५६ एमबीतही मूल शिकू शकतं. त्यात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, चिपवर साठवण होती. जुन्या लॅपटॉपला आज सर्वांत जास्त फायदा याच बदलाचा होतो. ते पुढे येईलच.

केरळनं हाच विचार मोठ्या प्रमाणावर केला. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर राज्याच्या काइट संस्थेनं तयार केलेली लिनक्सची आवृत्ती चालते.

आता तुमच्या यंत्राकडे

लॅपटॉप खाली काढा, पुसा, चार्जर लावा. तो सुरू होत असेल तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाऊट इथे जा. तिथे आणि शेजारच्या स्टोअरेजमध्ये मिळून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, ६४ बिट की ३२ बिट? तिथे ‘एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर’ असं असेल तर उत्तम. २००७ नंतरचे बहुतेक कोअर २ ड्युओ आणि त्यापुढचे सगळे आय ३, आय ५ हे ६४ बिटचे आहेत. जुने पेंटियम ४ आणि २००८ च्या सुमाराचे छोटे नेटबुक मात्र अनेकदा ३२ बिटचे. एक बारकावा लक्षात ठेवा. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही त्यावर ३२ बिटचं विंडोज घातलेलं असू शकतं. म्हणून ‘सिस्टिम टाइप’ची ओळ पूर्ण वाचा.

दुसरी गोष्ट, रॅम किती? ही कामाची मोरी समजा. मोरी मोठी असेल तर एका वेळी जास्त भांडी घासायला घेता येतात.

तिसरी गोष्ट, डिस्क कोणती आणि किती मोठी? फिरणारी हार्ड डिस्क की एसएसडी? लॅपटॉप कानाजवळ नेल्यावर घरघर ऐकू आली आणि तो पंखा नसेल, तर ती फिरणारी डिस्क.

कोणत्या यंत्रावर काय चालेल

*८ जीबी रॅम, ६४ बिट:* विचारच करू नका. लिनक्सची कोणतीही नेहमीची आवृत्ती चालेल. असा लॅपटॉप माळ्यावर ठेवणं म्हणजे चांगली शिलाई मशीन भंगारात देणं.

*४ जीबी रॅम, ६४ बिट:* इथेही निर्धास्त राहा. लिनक्स मिंट ही नवशिक्यांसाठी सोपी आवृत्ती. ती किमान २ जीबी मागते आणि आरामात चालायला ४ जीबी. डिस्कवर किमान २० जीबी, पण १०० जीबी असेल तर बरं, असं तिचे निर्मातेच सांगतात. तिचा ‘एक्सएफसीई’ हा हलका पडदा निवडा. ऑनलाइन वर्ग, प्रोजेक्ट, बँकेचं काम, ईमेल, सगळं होईल.

*२ जीबी रॅम, ६४ बिट:* मिंट कशीबशी चालेल. त्यापेक्षा डेबियन आणि त्यावर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई घ्या. डेबियन पडद्यासह किमान १ जीबी आणि सोयीसाठी २ जीबी सांगते. ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीन पानंच उघडा.

*१ जीबी किंवा कमी, किंवा ३२ बिट:* इथे थोडं वास्तवाला धरून बोलू. अँटीएक्स किंवा पपी यांसारख्या फार हलक्या आवृत्त्या चालतील. टायनी कोअर ही तर चक्क २३ एमबीची आहे आणि ४६ एमबी रॅममध्ये सुरू होते. पण सुरू होणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. अशा यंत्रावर लिहिणं, टंकलेखनाचा सराव, गाणी, जुने फोटो एवढं होईल. आजचं इंटरनेट नीट पेलणार नाही. शिवाय ३२ बिटची दारं एकेक करून बंद होत आहेत. क्रोमनं लिनक्सवरची ३२ बिटची आवृत्ती २०१६ मध्येच थांबवली. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ नं ३२ बिटच्या संगणकांसाठी स्थापनेची फाइल देणं बंद केलं.

खरा खादाड कोण?

लिनक्स घातल्यावरही लॅपटॉप हळू का, असं काहीजण विचारतात. ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः काहीशे एमबीत भागवते. खरा खादाड असतो ब्राउझर. व्हिडिओ, जाहिराती आणि नकाशे यांनी भरलेलं एकच पान कधीकधी सगळ्या सिस्टिमपेक्षा जास्त रॅम खातं. म्हणून पानं कमी उघडा. व्हिडिओ ४८० च्या दर्जावर बघा. नव्या पद्धतीनं दाबून लहान केलेले व्हिडिओ उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा घोंघावू लागतो.

खर्च कुठे करावा, कुठे नाही

लॅपटॉप ६४ बिटचा आहे आणि बाकी धड आहे, तर पहिला खर्च एसएसडीचा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते, तिच्या जागी त्याच मापाची साटा एसएसडी बसते. सुरू व्हायला चार मिनिटं घेणारं यंत्र एकदम चपळ वाटतं, ते बऱ्याचदा या एका बदलानं.

दुसरा खर्च रॅमचा. इथे घाई नको. डीडीआर २, डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डीडीआर ३ मध्येही कमी व्होल्टची ‘एल’ लिहिलेली जात वेगळी असते. दुकानात जाताना लॅपटॉपचा मॉडेल नंबर किंवा शक्य असेल तर जुनी पट्टीच सोबत न्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती वाढत नाही. हे आधी विचारून घ्या.

तिसरा खर्च अगदी किरकोळ. पंख्यात साठलेली धूळ काढून घ्या. उत्तरेकडच्या कोरड्या धुळीच्या उन्हाळ्यात राहिलेल्या यंत्राला तर हे हवंच. घरच्या संगणकाची तारीख सारखी मागे जात असेल तर आतला नाण्यासारखा सेल बदला. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत आणि आपण उगाच इंटरनेटला दोष देत बसतो.

मदरबोर्ड गेला असेल, पडदा फुटला असेल, बिजागरं तुटली असतील, तर तिथे पैसे घालू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर लॅपटॉप चार्जिंगला लावूच नका. आधी ती जाणकाराकडून काढून घ्या.

बसवण्याआधी चालवून बघा

लिनक्सची मोठी सोय अशी की ती न बसवताही चालवून बघता येते. साडी घेण्याआधी अंगावर टाकून बघावी तसं.

१. आधी जुने फोटो, कागदपत्रं, दाखले दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. ही पायरी कधीही चुकवू नका.

२. चालत्या संगणकावर लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा.

३. रूफस किंवा एचर या मोफत साधनानं ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जाईल.

४. जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. कोणतं बटण, हे कंपनीप्रमाणे बदलतं.

५. पडदा आला की लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. अर्धा तास वापरा. वाय-फाय लागतं का? आवाज येतो का? कॅमेरा, टचपॅड, पडद्याचा उजेड, प्रिंटर, सगळं तपासा. पेनड्राइव्हवरून चालताना वेग थोडा कमी असतो, त्यावरून मत बनवू नका.

वाय-फाय लागलं नाही तर घाबरू नका. काही जुन्या वाय-फाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. तोवर फोन केबलनं जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या आणि ड्रायव्हर उतरवून घ्या. प्रिंटर मात्र नीट तपासा, काही जुन्या लेझर प्रिंटरचं लिनक्सशी जमत नाही.

मराठीचं काय?

मराठी इथे पाहुणी नाही. मिंट बसवताना भाषांच्या यादीत मराठी असते. लिबरऑफिसमध्ये पत्र, निबंध, हिशेबाची पत्रकं होतात. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करता येतो. सरकारी टंकलेखनाला चालणारा हाच आराखडा. मुलांना सुट्टीत तो शिकवलात तर पुढे फार उपयोगी पडतो. देवनागरीसाठी ‘लोहित’ आणि ‘नोटो’ हे मोफत टंक आहेत, त्यामुळे जोडाक्षरं तुटत नाहीत.

इथे मात्र थांबा

लिनक्स सगळ्यांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. तुमचं पोट टॅलीवर चालत असेल, फोटोशॉपशिवाय काम अडत असेल, ऑफिसनं विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर सक्तीचं केलं असेल, तर त्या कामासाठी वेगळं यंत्र ठेवा. मुलांच्या काही ऑनलाइन परीक्षांना विंडोजवरच चालणारा ब्राउझर लागतो, तो नियम आधी वाचा. आणि घरातल्या ज्येष्ठांच्या सवयीचं यंत्र त्यांना न विचारता एका रात्रीत बदलू नका. आधी तुम्ही वापरा, मग त्यांच्याशेजारी बसून दाखवा. पडद्यावर त्यांना लागतील तेवढीच तीन-चार चिन्हं ठेवा.

जमलं तर फायदा नुसता पैशाचा नसतो. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे २०१५ चा तुमचा लॅपटॉप आजोबांच्या बँकेच्या कामासाठी दुरुस्त्या थांबलेल्या विंडोजपेक्षा सुरक्षित ठरू शकतो. पासवर्ड आणि ओटीपी कुणाला न सांगण्याची काळजी मात्र कोणतीही सिस्टिम घेत नाही, ती आपणच घ्यायची.

आणि खरंच संपला असेल तर?

तर त्याला मानानं निरोप द्या. डिस्क काढून घ्या किंवा पूर्ण पुसा, कारण त्यात तुमचे फोटो, पॅन कार्ड, पासबुकं असतात. मग यंत्र भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. आतल्या शिसं आणि पाऱ्यासारख्या गोष्टी मातीत आणि पाण्यात जाऊ नयेत, हे त्यामागचं कारण.

पण त्याआधी एक रविवार त्याला द्या. कागदावर तीन आकडे लिहा आणि त्यांच्यासमोर घरातल्या माणसांची नावं लिहा. कुणाला काय काम आहे? लिहायचं आहे, वर्ग बघायचा आहे, हिशेब ठेवायचा आहे, की कीर्तन ऐकायचं आहे? ४ जीबीवाला मुलीच्या प्रोजेक्टसाठी, २ जीबीवाला आजोबांच्या बँकेसाठी, १ जीबीवाला धाकट्याच्या टंकलेखनासाठी. अशी वाटणी झाली की कळेल, नवीन घ्यायचा लॅपटॉप किती मोठा हवा, आणि मुळात तो आत्ताच हवा का.